तलवार खांद्यावर, पण घोडा कुठे?

१/ मित्रहो, आजचा थ्रेड थोडा वादाचा आहे आणि बराच लांबही. विषय असा: युरोपातील नाइटांचा दीक्षाविधी मावळ्यांच्या वेषात आपल्या जत्रेत आला आहे. तो का खटकतो आणि त्याच्या जागी काय करता येईल, हे पुराव्यांसह मांडतो. शेवटपर्यंत वाचावे, मग खुशाल भांडावे.

२/ आरंभ एका प्रसंगाने करतो. गाव दौंड तालुक्यातले, भीमेपासून फार लांब नसलेले. नाव सांगत नाही, कारण दोष त्या गावाचा नाही. मी इतिहासात एम.ए. करतो म्हणून जत्रेतील 'शिवकालीन सोहळ्याचे' निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कार्यक्रम ठरला होता: बारा तरुण एकेक करून गुडघा टेकणार, महाराजांच्या वेषातील गृहस्थ त्यांच्या दोन्ही खांद्यांना तलवारीचे पाते लावणार आणि मी ध्वनिक्षेपकावरून त्यांना 'स्वराज्याचे मावळे' जाहीर करणार.

३/ मी विचारले, "खांद्याला तलवार लावायची पद्धत कुठली?" उत्तर मिळाले, "मालिकेत पाहिली." कोणत्या मालिकेत, ते कुणालाच आठवेना. मला मात्र ती पद्धत ओळखीची होती. ती इंग्लंड-फ्रान्सच्या दरबारांतील नाइट करण्याची पद्धत आहे. मी तसे सांगितले. "दिसायला चांगली आहे ना, मग झाले," असे म्हणून विषय मिटवण्यात आला.

४/ प्रत्यक्ष दिवशी वरातीचे दोन घोडे भाड्याने आणले होते. ध्वनियंत्रणेचा पहिला दणका बसताच त्यांतला एक बिथरला. बारा मावळ्यांपैकी एकालाही घोड्याजवळ जाता येईना. तेव्हा गर्दीतून एक पोरगा पुढे आला, त्याने लगाम धरला, घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि त्याला शांत केले. हा पोरगा शिरूरकडच्या बैलगाडा शर्यतींत गाड्यापुढे घोडी पळवतो. त्यालाही मावळा व्हायचे होते. त्याचे नाव यादीत नव्हते. त्याला काम मिळाले होते घोडा धरून उभे राहण्याचे.

५/ त्या रात्री घरी येऊन मी सभासद बखर पुन्हा उघडली. या थ्रेडचा मुद्दा तिथून सुचला. एका वाक्यात सांगायचा तर असा: आपण मराठ्यांच्या नावाने युरोपातील नाइट उभा करतो आहोत आणि त्या भरात या मातीतला खरा स्वार, त्याचा घोडा व त्याला बांधणारा कायदा हे तिन्ही विसरतो आहोत.

६/ आधी 'मावळा' हा शब्द पाहू. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत जी खोरी आहेत, ती मावळे: रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, पवन मावळ इत्यादी. तिथला तो मावळा. तो प्रामुख्याने पायदळाचा माणूस. डोंगर चढणे, रात्रीची चाल आणि गडावरचा पहारा ही त्याची कामे. शिरूर आणि दौंड हे तालुके मावळात येत नाहीत. हा सपाट देश आहे, भीमा आणि घोड नदीच्या काठचा.

७/ या देशाचे जुने नाव भीमथडी. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमथडीची ख्याती होती ती घोड्यांसाठी: उंचीने बेताचे, काटक, थोड्या चाऱ्यावर दूरची मजल मारणारे तट्टू. आपल्या राज्यगीतातही या तट्टांचा उल्लेख आहे. अलीकडे राष्ट्रीय पातळीवर भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. म्हणजे ज्या भूमीची ओळखच घोडा आहे, तिथे आपण डोंगरी पायदळाचा वेष चढवतो, त्याला युरोपातील घोडेस्वाराची दीक्षा देतो आणि घोडा आणतो तो वरातीचा.

८/ आता नाइटांकडे वळू, कारण त्यांच्याविषयीही आपली कल्पना चित्रपटांतूनच आलेली असते. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४४ मध्ये विंडसर येथे आर्थर राजाच्या दंतकथेतील 'गोलमेज' पुन्हा उभे करण्याची घोषणा केली. त्यातूनच पुढे १३४८ च्या सुमारास 'ऑर्डर ऑफ द गार्टर' हा नाइटांचा संघ आकाराला आला. १४३० मध्ये बर्गंडीच्या फिलिपने 'गोल्डन फ्लीस' स्थापन केला. त्याचे नावच ग्रीक पुराणकथेतले आहे.

९/ लक्षात घ्या, हे संघ स्वतःच एका कल्पित भूतकाळाची नक्कल होते. त्यामुळे 'नक्कल करू नये' असा माझा दावा नाही. नक्कल जुनीच आहे. प्रश्न असा की आपण नेमकी कशाची नक्कल करतो आणि त्यातून कोणाला मोठे करतो.

१०/ पुढे १८३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या उमरावाने मध्ययुगीन भालायुद्धांची स्पर्धा भरवली. चिलखते आली, झेंडे आले, हजारो प्रेक्षक आले आणि धो धो पाऊस आला. नाइटांवर छत्र्या धरण्याची वेळ आली. या फजितीची थट्टा झाली खरी, पण हौस मेली नाही. ती साम्राज्यासोबत बोटीत बसून आपल्याकडे पोहोचली.

११/ १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने 'स्टार ऑफ इंडिया' हा नाइटांचा संघ स्थापन केला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि बडोद्याचे खंडेराव गायकवाड हे त्याच्या आरंभीच्या मानकऱ्यांपैकी. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला. त्यासाठी हिंदी संस्थानिकांना युरोपीय धाटणीची कुलचिन्हे असलेले रेशमी ध्वज तयार करून देण्यात आले.

१२/ ज्यांच्या पूर्वजांनी घोड्याच्या पाठीवर राज्ये मिळवली, त्यांना रेशमी झगा व पदक देऊन राणीचे नाइट करण्यात आले. सत्ता गेली होती, तिच्या जागी पोशाख आला होता. तेव्हा खांद्याला तलवार लावण्याचा विधी 'फक्त दिसायला चांगला' नाही. आपल्या भूमीवर त्याचा इतिहास मांडलिकत्वाचा आहे. स्वराज्याच्या नावाने तोच विधी करताना एवढे तरी ठाऊक असावे.

१३/ पोशाख निरुपद्रवी नसतो, याचा याहून कठोर दाखला भीमेच्याच काठी आहे. दौंड तालुक्यासमोर, नदीपलीकडे पेडगावचा बहादूरगड उभा आहे. १६८९ मध्ये कैद झालेल्या छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबाच्या या छावणीत आणले गेले. विदूषकी टोपी आणि घुंगरे घालून त्यांची उंटावरून धिंड काढल्याचे मोगल बखरकारच सांगतात. पुढे त्यांची हत्या झाली. त्यांची समाधी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे आहे. माणसाला कोणता वेष चढवायचा हे ठरवणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे या दोन तालुक्यांनी तरी विसरू नये.

१४/ मग मराठ्यांच्या लष्करात नाइटसंघासारखे काही होते का? इथे आकड्यांचा एक विलक्षण योगायोग आहे. गार्टरच्या संघात राजा धरून सव्वीस जण. कृष्णाजी अनंत सभासद सांगतो त्याप्रमाणे मराठी पागेचे मूळ पथक पंचवीस बारगिरांचे आणि त्यांवर एक हवालदार. हेही सव्वीसच! मात्र साम्य इथेच संपते.

१५/ तिकडचे सव्वीस म्हणजे राज्यातील निवडक उमराव. इकडचा बारगीर म्हणजे स्वतःचा घोडाही नसलेला पगारी स्वार. घोडा सरकारचा, पागेतला. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सभासदाच्या सांगण्यानुसार शिलेदारांनाही पागेच्या अंमलाखाली ठेवले होते, ते वरचढ होऊ नयेत म्हणून. ज्याची स्वतःची दौलत आहे, त्याला शिस्तीत बांधायचे, ही त्यामागची दृष्टी. युरोपातील नाइटपणाचा पाया नेमका उलटा होता: ज्याचा घोडा, ज्याचे चिलखत, ज्याची जमीन, मानही त्याचाच.

१६/ पुढची रचना पाहा. पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन, हजारीला १००० होन. आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा ही माणसे या रचनेत तळटीप म्हणून येत नाहीत, ती पथकाच्या हिशेबातच आहेत.

१७/ आमच्या जत्रेत बारा मावळे होते. पखालजी एकही नव्हता, नालबंद एकही नव्हता. गडांच्या घेऱ्याची राखण करणारे रामोशी, महार, बेरड, कोळी यांच्यापैकी कोणाची भूमिकाही नव्हती. यादी कशी झाली हे कुणी उघड बोलले नाही. ती आडनावे पाहून झाली होती, हे मात्र वाचणाऱ्याला लगेच कळत होते. निवडकांना दीक्षा देण्याचा विधी उसना घेतला की निवडकपणाही सोबत येतोच. ज्याला घोडा कळतो, तो मग लगाम धरून उभा राहतो.

१८/ शौर्यसंहितेचेही तसेच. जुलै १६७४ ची हकीकत जदुनाथ सरकारांनी दिली आहे. राज्याभिषेकाला जेमतेम महिना झालेला. बहादूरखान पेडगावच्या छावणीत होता. दोन हजार मराठी स्वारांनी त्याला हुलकावणी देत सुमारे पन्नास मैल दूर ओढून नेले. तेवढ्यात सात हजारांच्या दुसऱ्या तुकडीने उघड्या पडलेल्या छावणीवर झडप घातली. एक कोटीची लूट आणि बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेले दोनशे उमदे घोडे हाती लागले.

१९/ मैदानात समोरासमोर आव्हान देणाऱ्या नाइटाच्या संहितेत हे बसत नाही. मराठी युद्धशास्त्रात हेच कर्तृत्व ठरते, कारण आपले स्वार कमीत कमी गमावून काम साधणे हा तिथला हिशेब आहे. दौंडच्या समोर घडलेला हा प्रसंग आमच्या जत्रेत कुणी केला नाही. त्याऐवजी दोन मावळे लोखंडी पत्र्याची छातीपट्टी बांधून एकमेकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान देत होते.

२०/ कुणी म्हणेल, 'मग मराठ्यांकडे उदात्त असे काही नव्हतेच का?' होते, आणि ते कागदावर आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र प्रत्येक इतिहासप्रेमीने वाचलेच पाहिजे. त्यात तलवारीचे कौतुक नाही. गवत जपून वापरा, धान्य पुरवून खा, रयतेकडून काही हिसकावू नका, जे हवे ते बाजारातून विकत घ्या, रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, अशा बारीकसारीक सूचना आहेत. तुम्ही असे वागलात तर रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, हा त्यातला इशारा आजही अंगावर येतो.

२१/ इथे भाबडेपणा नको. असे पत्र लिहावे लागले याचा अर्थच असा की स्वार रयतेचे गवत आणि दाणा उचलत होते. मराठी फौजही लूट करी, हे आपण सुरतेवरून जाणतोच. सभासदाने बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास जिंजीत, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, म्हणजे बराच काळ लोटल्यावर. त्यामुळे त्याचे वर्णन आदर्श नियमांचे आहे आणि प्रत्यक्षात ते नेहमी पाळले जात असतील असे समजू नये. पण आदर्श म्हणून काय लिहिले जाते, यावरूनही राज्याची ओळख होते. इथे आदर्श म्हणून नियम लिहिला गेला, दीक्षा नव्हे.

२२/ सभासद आणखी काय सांगतो ते पाहा. पावसाळ्यात लष्कर छावणीस परतायचे. दसऱ्याला कूच करताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी व्हायची आणि परतल्यावर झाडा घेतला जायचा. जास्त निघाले ते सरकारात जमा. लष्करात बायका, बटीक, कलावंतीण नेण्यास मनाई, तीही देहदंडाच्या धाकाने. परमुलखातही बायका-पोरांना धरू नये, गाय धरू नये.

२३/ आणि सन्मान? अफजलखानाच्या प्रसंगानंतरचा तपशील आहे. जे कामी आले त्यांच्या मुलांना सांभाळले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना अर्धे वेतन चालू केले. जखमींना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली. पराक्रम केलेल्यांना हत्ती, घोडे, कडी, वस्त्रे बक्षीस मिळाली. माझ्या मते मराठी 'नाइटपणाचा' खरा विधी हा आहे, आणि त्यात विधवेचे नाव मांडणारा कारकूनही सहभागी आहे.

२४/ शपथच हवी असेल तर तीही आपल्याकडे आहे. बेलभंडाराची. बेलाचे पान आणि हळदीचा भंडारा हाती घेऊन दिलेले वचन जुन्या कागदांत जागोजागी भेटते. या गावांपासून जेजुरी काही फार दूर नाही. त्या शपथेत कुणी गुडघे टेकत नाही आणि कुणाच्या मानेजवळ पातेही येत नाही.

२५/ आता आक्षेपांकडे येतो. पहिला: 'हौस आहे, तुम्ही का चिडता?' हौसेला विरोध नाहीच. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मध्ययुगाच्या हौशी मंडळींनी एका घराच्या अंगणात जी संस्था सुरू केली, ती आज जगभर पसरली आहे. तिच्यातही नाइट होतात. पण तिथे एक सुंदर दंडक आहे: कुणीही प्रत्यक्ष होऊन गेलेल्या प्रसिद्ध व्यक्तीचे सोंग घ्यायचे नाही. त्या काळात जगू शकला असता असा माणूस स्वतः कल्पायचा आणि त्याचे कपडे, अन्न, हत्यार यांचा अभ्यास करायचा. हौशीलाही अभ्यासाची अट घालता येते, ती अशी.

२६/ दुसरा आक्षेप: 'निदान यामुळे तरुण इतिहासाकडे वळतात.' वळतात, हे मान्य. मीही असाच वळलो. सहावीत असताना पुठ्ठ्याची ढाल घेऊन मिरवणुकीत नाचलो होतो. पण ज्या दाराने मुलगा आत येतो, त्या दारामागे घर असायला हवे. खांद्याला तलवार लागली आणि छायाचित्र निघाले की जर सगळे संपत असेल, तर तो इतिहासाकडे वळला नाही, फक्त इतिहासाच्या रंगाचा सदरा घालून घरी गेला.

२७/ तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत खरा: 'टीका सोपी आहे, तुम्ही काय करून दाखवाल?' माझा प्रस्ताव असा. पुढच्या जत्रेत दीक्षा नको, 'पागेचा एक दिवस' करू. पंचवीस बारगीर, एक हवालदार, एक पखालजी, एक नालबंद, एक कारकून. भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. आडनाव कुणी विचारायचे नाही. मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्याही त्याच भांड्यात, कारण आपण वेष करतो आहोत, खानेसुमारी नाही.

२८/ सकाळी घोड्याची मालिश, खरारा, दाणा-वैरण. खरा नालबंद बोलवावा, त्याने नाल कसा बसवतात ते दाखवावे आणि त्याचा मेहनताना आधी द्यावा. भीमथडी घोडे पाळणारी मंडळी आजही आहेत, त्यांना मानाने बोलवावे. कूच करताना कारकुनाने यादी करावी, परतल्यावर झाडा घ्यावा. मधल्या वेळात चिपळूणच्या छावणीचे पत्र मोठ्याने वाचावे. आणि रात्री परतण्यापूर्वी मैदानावरचा कचरा उचलावा, शेजारच्या उसाच्या बांधाला धक्का लागला असेल तर मालकाला भरपाई द्यावी. त्या पत्राचे याहून प्रामाणिक पुनरुज्जीवन मला सुचत नाही.

२९/ यात रोमांच नाही असे कुणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाची केंद्रे आहेत. तिथल्या जवानाला विचारा: हजेरी, पगार, सामानाची यादी आणि घरापासून दूर काढलेला बंदोबस्त, यांतच त्याचे आयुष्य जाते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बारगिराची ओळख पटवायला तो माणूस छातीपट्टी बांधलेल्या आमच्या बारा मावळ्यांपेक्षा अधिक जवळचा आहे.

३०/ शेवटी त्या पोराविषयी. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला विचारले, "तुला राग नाही आला?" तो म्हणाला, "दादा, घोडं घाबरलं होतं. त्याला काय माहीत कोण मावळा नि कोण नाही." एवढे बोलून तो घोड्याला पाणी पाजायला निघून गेला. मी माझ्या निवेदनात बारा नावे वाचली होती. तेरावे नाव वाचायला हवे होते आणि ते वाचण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, ही या प्रकरणातील माझी चूक. हा थ्रेड काही अंशी तिची भरपाई आहे.

३१/ पुढच्या जत्रेचे निवेदन मला पुन्हा मिळाले, तर पहिले नाव त्याचेच वाचीन, आणि हुद्दा सांगेन: बारगीर. न मिळाल्यास हा थ्रेड आहेच. तुमच्या गावात असे सोहळे होत असतील तर ते कसे होतात, त्यांत कोणाला कोणती भूमिका मिळते, हे जरूर लिहा. मतभेद असल्यास पुराव्यासह मांडा, आनंदाने वाचीन. थ्रेड समाप्त.